आयत्या वेळचे विषय

सातारा, १४ नोव्हेंबर २०२४

आबा,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. फौजेत होतात तेव्हा तुम्हीच आईला लिहायचात की फोनवर माणूस हवापाण्याचं बोलतो, कामाचं बोलायचं तर कागद लागतो. आता तुमचाच नियम तुम्हाला लावते. वाचा किंवा वाचू नका, पण चुलीत घालण्याआधी आईला एकदा दाखवा.

दिवाळीला आले नाही. आईला तुम्ही म्हणालात म्हणे, "दार कुनी लावलंय? यायचं तिनं." दार उघडं असतं, आबा, पण आत शिरल्यावर समोरचा माणूस भिंतीकडे तोंड करून बसणार असेल तर माणूस उंबऱ्यातच घुटमळतो.

सभेत काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी लिहिते, कारण इतिवृत्तात ते वेगळंच लिहिलं आहे, आणि खरं कुठेतरी एका कागदावर असावं असं मला वाटतं. आपल्या माळरान शेळी-मेंढी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा सप्टेंबरात शेडमध्ये भरली. अध्यक्ष तुम्ही, मुख्य कार्यकारी मी. मागे रश्श्याचं पातेलं चढलेलं, त्याचा वास पुढच्या रांगेपर्यंत येत होता. विषय एक, मंजूर. विषय दोन, मंजूर. आपल्याकडे सभा दूध संघाची असो की सोसायटीची, माणूस मंजूर म्हणायला येतो आणि जेवून जातो. कंपनी काढली तेव्हा मी वाडीवाडीत घसा फोडून सांगितलं होतं की ही सोसायटी नाही, इथे सभासद म्हणजे मालक, ऐकून, विचारून, पटलं तरच हो म्हणायचं. सगळ्यांनी त्यालाही मंजूर म्हटलं होतं.

मग तुम्ही चष्मा सारखा केलात आणि वाचलंत, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. एरवी त्यात काय असतं? आभार, दहावीतल्या पोरांचं कौतुक, गेलेल्या सभासदाला श्रद्धांजली. या वेळी होतं की शेड, वजनकाटा, लसीची शीतपेटी आणि खरेदीचा सगळा हक्क तीस वर्षांसाठी बोकड खरेदी करणाऱ्या दिग्विजयच्या सांगलीच्या कंपनीला चालवायला द्यायचा. मंजूर. सभासदांत सगळ्यात मोठा आवाज भामाबाईंचा होता.

मी उभी राहिले. म्हटलं, हा विषय नोटिशीत नाही, असा घेता येत नाही. आणि तुम्ही माईकवरूनच म्हणालात, "खाली बस. वडीलधारी मानसं बसल्यात हितं."

मी बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या माणसांनाही ते ऐकू गेलं असेल. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

तुमच्या सभेत सहा वर्षांत एकदाही हात मोजावे लागले नाहीत, याचा तुम्हाला केवढा अभिमान. पंचायतीला भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला, घरं फुटली, पण कंपनीत सगळं बिनविरोध. मला ते कळतं, आबा. पण भांडण झालं नाही म्हणजे कारभार चांगला झाला, असं नसतं.

इथे एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत लागले आहे. परवा संचालकांच्या बैठकीत चहा-कागद बघायला मला आत बसवलं होतं. थंडगार खोली, बाटलीतलं पाणी, प्रत्येकापुढे जाडजूड फाईल. तिथेही सगळे मंजूरच म्हणाले. फक्त हळू आवाजात.

तुमची,
अपेक्षा


सातारा, २२ जानेवारी २०२५

आबा,

भामाबाई येऊन गेल्या. रहिमतपूरवरून येणाऱ्या विट्याच्या गाडीने आल्या, स्टँडवर उतरून रिक्षावाल्याशी भांडल्या आणि माझ्या खोलीत येऊन आधी पंखा बंद केला. त्यांच्याकडून कळलेलं तुम्हाला ठाऊकच असणार, कारण शेडचं फाटक तुमच्या दारातून दिसतं.

फाटकावर आता पहारेकरी असतो. ठरावीक वजनाचेच बोकड आत घेतात, बाकीचे परत. परतलेला बोकड घेऊन बाई बाजारात गेल्या, तर व्यापाऱ्याने पाठीवर हात दाबून अंदाजाने भाव सांगितला, तुमच्या आजोबांच्या वेळी सांगत होता तसा. हा पाठीवरचा हात बंद व्हावा म्हणून तर आपण काटा आणला होता. काटा आला त्या दिवशी तुम्ही स्वतःच आधी त्याच्यावर चढून बघितलंत आणि आईला म्हणालात, तुझ्या हातचं खाऊन एवढा झालोय. मी हसले होते. आता लिहिताना हसू येत नाही.

मी बाईंना म्हटलं, मंजूर तर तुम्हीच ओरडलात. त्या जराही वरमल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हनलं की. पर कशाला म्हनलं ते कुनी सांगितलं न्हवतं. तुझा बाप वाचतोय म्हनल्यावर आमी कशाला कान द्यायचा?"

आबा, या बोलण्यात तुमच्यावर एवढा विश्वास आहे की मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. तुम्हाला तरी हे ऐकून बरं वाटेल का, सांगता येत नाही.

त्यांनी आणि आणखी काही सभासदांनी ठरावाविरुद्ध तक्रार केली आहे. सांगलीतले एक निवृत्त न्यायाधीश लवाद म्हणून ती ऐकणार आहेत. सगळं एका प्रश्नावर अडलं आहे. तो विषय सभेच्या नोटिशीत होता की नव्हता? इतिवृत्त म्हणतं होता, आणि त्याखाली अध्यक्ष म्हणून तुमची सही आहे. नोटीस मी काढली होती. म्हणून मला साक्षीला बोलावलं आहे.

सही तुम्ही वाचून केलीत की न वाचता, हे मी विचारत नाही. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर मला नको आहे.

बाईंनी बाजरीचं पीठ आणलं होतं. आईने दिलं असणार, पिशवी आपल्या घरची होती. बाई तसं बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

अपेक्षा


सातारा, ३ जुलै २०२५

आबा,

आईचा फोन आला. मोरीत जाऊन हळू बोलत होती, म्हणजे तुम्ही घरात होतात.

कोवळ्या गवतावर शेळ्या सुटल्या की आंत्रविषार होतो, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत आहे. संध्याकाळी उड्या मारणारं जनावर सकाळी पोट फुगून आडवं. म्हणून तर मे महिन्यात कंपनीची लस टोचून व्हायची, वाडीवाडीवर शीतपेटी घेऊन फिरायचो. तुम्ही काठी आपटत पुढे, डॉक्टर मागे, आणि कुणी शेळी लपवली तर तुम्ही थेट गोठ्यात शिरायचात. "हुकूम हाय," म्हणायचात. कुणाचा हुकूम, हे कुणी विचारलं नाही.

या वर्षी लस झालीच नाही. मी दिग्विजयला फोन केला. तो नेहमीसारखा मऊ बोलला. म्हणाला, "मॅडम, आम्ही खरेदीदार आहोत. लसीकरण ही पशुपालकाची जबाबदारी. करारात ते नाही, तुम्ही बघा."

मी बघितलं. खरंच नाही. तो खोटं बोलत नाही हेच वाईट आहे, आबा. त्याला शिव्या देऊन मोकळं होता येत नाही. कंपनी म्हणजे कागद. कागदात लिहिलं तेवढीच ती दयाळू असते. आपल्या कंपनीच्या कागदात सभासदांचं हित पहिल्या पानावर होतं, तुम्ही मला ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं होतंत. करार करताना ते पान कुणी उलटलं नाही.

भामाबाईंचा गोठा एक करडू सोडता रिकामा झाला. आपल्यातल्याही गेल्या, असं आई म्हणाली. किती ते सांगेना. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "असू दे गं, त्येंच्या डोळ्याला डोळा न्हाई." तुम्ही एकट्याने खड्डा काढलात, मदतीला आलेल्यांना हात लावू दिला नाहीत, हेही तिनेच सांगितलं.

या वयात एकट्याने एवढं खणायचं नसतं. रागावून लिहायला बसले होते, पण हे वाक्य आलं, तर राहू दे.

अपेक्षा


सातारा, ११ ऑगस्ट २०२५

आबा,

पुढच्या आठवड्यात सांगलीला साक्ष आहे. आधी तुम्हाला सांगावं म्हणून लिहिते. मागून वार केला असं तुम्हाला वाटायला नको.

मी खरं सांगणार आहे. तो विषय नोटिशीत नव्हता. याचा अर्थ इतिवृत्त खोटं ठरेल, करार मोडेल, शेड परत मिळेल. आणि तुम्ही अध्यक्ष राहणार नाही. खोट्या इतिवृत्तावर सही करणारा अध्यक्ष, असं कागदावर येईल आणि कायमचं राहील. वकील म्हणाले, याहून सौम्य काही निघणं कठीण आहे.

काल दिग्विजय इथे येऊन गेला. पेढे घेऊन आला होता. त्याने एक वाट दाखवली. नोटीस निघाल्यावर मागाहून एक पुरवणी हातोहात वाटली होती, एवढंच मी म्हणायचं. कुणी नाही म्हणू शकणार नाही, कारण आपली माणसं कागद वाचत नाहीत, जपूनही ठेवत नाहीत. जाताना म्हणाला, "आबांचं नाव राहील. तुम्ही त्यांच्या एकुलत्या एक."

मी त्याला बाहेर काढलं नाही. रात्रभर विचार केला. माझी एवढी लायकी नाही की लगेच नाही म्हणावं. तुमचं नाव म्हणजे काय, हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही पेन्शन घेऊन आलात तेव्हा आष्ट्याच्या बाजारात व्यापारी तुम्हाला पाहून बसायला खुर्ची द्यायचे. मी लहान होते आणि मला वाटायचं ती खुर्ची तुमचीच आहे, त्यांनी नुसती सांभाळून ठेवली आहे.

पण भामाबाईंचा गोठाही मी बघून आले आहे. तुम्हाला न कळवता गेल्या रविवारी आले होते, आपल्या दारावरून गेले. तुम्ही ओट्यावर पाठमोरे होतात.

आई म्हणते, "तुला काय करायचं ते कर. पर घराच्या दोन चुली करू नगंस." मला ते कसं जमवायचं ते कळत नाही. तुम्ही नुसता फोन करून नको म्हणालात तर मी काय करीन, हेही मला माहीत नाही. म्हणून, आबा, फोन करू नका. इतके महिने केला नाहीत, आणखी आठ दिवस करू नका.

अपेक्षा


सातारा, २ सप्टेंबर २०२५

आबा,

तुम्ही फोन केला नाहीत. त्याबद्दल आभार मानू की काय करू?

सांगलीला न्यायाधीशांच्या बंगल्याच्या पडवीत तुम्ही बाकावर बसला होतात. कडक इस्त्री, ताठ पाठ. मी दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये भामाबाई. तुम्ही समोर बघतच विचारलंत, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. वर्षभरातलं आपलं पहिलं बोलणं, आणि त्यातही मी खोटं बोलले.

आत गेल्यावर मात्र खोटं बोलले नाही. तो विषय नोटिशीत नव्हता, पुरवणी निघाली नव्हती, मी सभेत तसं म्हटलं होतं आणि मला खाली बसवलं होतं. कुणी बसवलं, असं वकिलाने विचारलं. अध्यक्षांनी, असं मी म्हटलं. वडिलांनी म्हणायला तोंड उघडलं नाही.

मग त्यांनी तुम्हाला उभं केलं. दिग्विजयच्या वकिलानेच तुमच्यासाठी पळवाट काढून दिली होती. वयस्कर माणूस, घाईत न वाचता सही झाली असेल, असं तो म्हणाला. नुसती मान हलवायची होती. मी मनात म्हणत होते, हलवा, आबा, हलवा.

तुम्ही सावधान उभे राहिलात. "पोरगी खरं बोलती," म्हणालात. "सही माझी हाय. वाचून केली. न वाचता सही करनारा मानूस न्हवं मी. मला वाटलं, समदी हा म्हनतील. म्हनली बी."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. भामाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला उत्तर नको होतं, आणि तुम्ही ते सगळ्यांदेखत दिलंत.

बाहेर आल्यावर वाटलं, तुम्ही थांबाल. तुम्ही विट्याच्या गाडीत बसलात. मी साताऱ्याच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभी राहिले आणि चारचौघांत रडले. भेळवाल्याने पाणी दिलं.

अपेक्षा


शेड, २१ नोव्हेंबर २०२५

आबा,

हे पत्र पोस्टाने येणार नाही, आई घेऊन येईल. तुमच्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर बसून लिहिते आहे.

ठराव रद्द झाला, करार रद्द झाला, शेडची किल्ली सभासदांच्या हातात आली. त्यांनी मला परत बोलावलं आणि मी साताऱ्याची नोकरी सोडून आले. शाळेतल्या बाईंच्या खोलीत राहते. घरी ये म्हणून आई रोज सांगते. तुम्ही सांगितलं नाहीत.

दिवाळीत आईने एक गोष्ट सांगितली. तुम्ही हे सगळं का केलंत ती. म्हणाली, "पोरगी एवढी शिकली आन् आमच्यासारखी शेळ्यांच्या मागंच ऱ्हायली, म्हनायचे. शेड दुसऱ्याच्या गळ्यात पडली म्हंजे ती तरी सुटंल." यात खरं किती, ते तुम्ही सांगणार नाही. पण असेल तर, आबा, मला एकदा विचारायचं होतंत. मी अडकले नव्हते. मला ते काम आवडायचं.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात सभा आहे. सभासदांनी लेखी मागणी केली आहे, म्हणून नोटिशीत चौथा विषय असा घ्यावा लागला: श्री. दादासो पुकळे यांना संचालकपदावरून दूर करणे. तुमचं नाव मी माझ्या हाताने टाईप केलं. या वेळी आयत्या वेळचं काही नाही, सगळं आधी कळवलेलं आहे. सोबत तुमची प्रत जोडली आहे. पोच म्हणून सही लागेल.

सभेला या. मान खाली घालून बसू नका. हवं तर भांडा.

अपेक्षा


शेड, १८ डिसेंबर २०२५

आबा,

मंगळवारी सकाळी तुम्ही काट्यावर आलात तेव्हा मला इतका आनंद झाला की मी पावतीपुस्तक उलटं धरलं होतं. साथीतून वाचलेल्या सगळ्या घेऊन आला होतात. रांगेत उभे राहिलात, काट्यावर मदतीला असलेल्या अर्जुनाने पुढे या म्हटलं तर नाही म्हणालात. एकेक शेळी स्वतः उचलून काट्यावर ठेवलीत. मी वजन वाचत होते, लिहीत होते, आणि मनात म्हणत होते, आबा आले. माझ्या काट्यावर आले.

शेवटी ती म्हातारी तांबडी उरली. तिला घेणारं कुणी नसतं. मी म्हटलं, ही ठेवा, आईला चहापुरतं दूध होईल. तुम्ही म्हणालात, "समदीच घ्या." मी घेतली. चाऱ्याची टंचाई असेल असं वाटलं. तुम्ही पावतीची घडी खिशात घातलीत आणि गेलात.

संध्याकाळी आई आली. गोठ्यात एक करडूही ठेवलं नाही, एवढंच म्हणाली. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

कायदाच तसा आहे. उत्पादक कंपनीत जो जनावर पाळतो तोच सभासद. जनावर नाही तर सभासद नाही, सभासद नाही तर संचालक नाही, अध्यक्ष तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सभेआधीच तुमचं दोन ओळींचं पत्र आलं, आता माझ्याकडे शेळी-मेंढी नाही, तरी नाव कमी करावं. खाली सही. चौथा विषय गळाला. तुमच्याविरुद्ध कुणाला हात वर करावा लागला नाही, आणि कुणाचा हात खाली राहिलेलाही तुम्हाला बघावा लागला नाही.

आपल्या घराण्यात शेळी-मेंढीवाचून गोठा कधी होता का, आबा? आजी सांगायची, दुष्काळात माणसं जनावरं घेऊन पार कोकणच्या तोंडापर्यंत गेली, पण मोकळ्या हाताने कुणी परत आलं नाही. ती शेवटची तांबडी मी मोजली. माझ्या हाताने.

काल सभा झाली. प्रत्येक विषय वाचला, समजावला, लोकांनी प्रश्न विचारले. लय वेळ लागला. रस्सा गार झाला आणि कुणी कुरकुर केली नाही. चौथ्या विषयापाशी मी थांबले आणि तो का घेत नाही ते सांगितलं. मग भामाबाई म्हणाल्या, "त्येस्नी काडायचं म्हनत हुतो आमी. पर असं न्हवं."

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मी त्या विषयावर बोलणार होते. मला मताचा अधिकार नव्हता, पण बोलायला परवानगी मागितली होती आणि मिळाली होती. ही कंपनी तुम्ही उभी केलीत, लवादापुढे पळवाट असून तुम्ही पळाला नाहीत, असा माणूस संचालकांत हवा, हे मला सगळ्यांपुढे उभं राहून म्हणायचं होतं. रोज सायकलवर जाता-येता पाठ करत होते. तुम्ही मला पुन्हा एकदा बोलू दिलं नाहीत.

रागावले आहे. पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त आहे, आणि ते मला लिहिता येत नाही.

आई म्हणते, तुम्ही अजून पहाटे उठता, घोंगडं खांद्यावर टाकता, काठी घेता आणि नेहमीच्या वाटेने माळावर जाता. पुढे एकही शेळी नसते. दुपारी परत येता. वाटेत कुणी विचारलं तर चरायला गेलो होतो म्हणता.

उद्या मी शेड उशिरा उघडणार आहे, अर्जुनाला तसं सांगून ठेवलं आहे. सकाळी ओढ्यापाशी उभी असेन. तुमच्याबरोबर माळावर येते. बोलायची गरज नाही.

अपेक्षा